कारण विचारायचं नाही

पाण्यात उतरण्याआधी आमच्या डायव्हिंगच्या प्रशिक्षिका जे बोलायच्या, ते आमच्या घरात कुणी बोललं असतं तर सासूबाईंनी त्याला आधी देवापुढे उभं केलं असतं आणि मगच जेवायला वाढलं असतं. श्वास अडकला तर काय करायचं. दोरी सुटली तर काय. जोडीदार दिसेनासा झाला तर किती वेळ शोधायचं आणि कधी शोधणं सोडून आपण वर यायचं. हे सगळं त्या तळ्याकाठी उभ्या राहून, थर्मासच्या झाकणातून चहा पीत, भाजीवाल्याने भाव सांगावेत तशा आवाजात सांगायच्या. मग एकेकाकडे बोट करून जर्मनमध्ये विचारायच्या, "हं, तर आज तुझ्या बाबतीत काय बिघडू शकतं?" प्रत्येकाने उत्तर द्यायचंच.

त्या साठीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. क्लबात सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, पण आम्हा नवराबायकोला ते काही जमेना. आम्ही आपसात त्यांना 'बाई' म्हणायचो, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

आमच्या घरची रीत उलटी. बाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. प्रवासाला निघताना अपघाताचा विषय नको, परीक्षेआधी नापासाचा नको. बोललं की ते घडतं असं कुणी शिकवलं नव्हतं, पण बोलणाऱ्याकडे सगळे अशा नजरेने बघायचे की ते न शिकवताच कळायचं. गंमत म्हणजे मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या ऑफिसात मला पगार मिळतो तोच मुळी काय काय बिघडू शकतं हे शोधून काढण्याचा, आणि ते काम मी जरा जास्तच आनंदाने करते असं माझे सहकारी म्हणतात. तरी पहिल्या दिवशी बाईंचं बोट माझ्याकडे वळलं तेव्हा मी म्हणाले, "काही नाही. सगळं नीट होईल."

बाई चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "हे तुला कुठून कळलं?"

त्यांचा आणखी एक नियम होता. कुणीही, कधीही, बुडी रद्द करू शकतं. किनाऱ्यावर, बोटीवर, पाण्याखाली, कुठेही. आणि रद्द करणाऱ्याला कारण विचारायचं नाही. हे मला अजिबात पटेना. आमच्याकडे साध्या मुंजीला गेलं नाही तरी कारण द्यावं लागतं आणि ते पुरेसं आहे की नाही हे मावश्या ठरवतात. मी तसं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कारण विचारतात हे माहीत असलं की माणूस कारण शोधत बसतो. पुरेसं मोठं सापडलं नाही की लाजेने खाली जातो. लाजेने खाली गेलेली माणसं मला नकोत."

मुळात मी या भानगडीत पडले ती नवऱ्यामुळे. दोन उन्हाळे तो या क्लबाबरोबर बाल्टिक समुद्रात बुडालेली जहाजं बघायला जात होता. मी सोबत जायचे आणि धक्क्यावर बसून राहायचे. बोट दिसेनाशी झाली की पुस्तक उघडायचे आणि ती परत दिसेपर्यंत एकच पान वाचत बसायचे. तो यायचा तेव्हा कपाळावर मास्कचा वळ असायचा आणि चेहरा इतका उजळलेला, की तसा तो ऑफिसातून येताना मी कधी पाहिला नव्हता. मला त्याचा हेवा वाटायचा आणि प्रचंड रागही यायचा. शेवटी एके दिवशी म्हणाले, "बुडायचंच असेल तर दोघं बुडू," आणि नाव घातलं. सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तिन्हीसांजेला काय हे बोलतेस." लेक मात्र हसली आणि जर्मनमध्ये म्हणाली की आईला घरात स्वतःच्या किल्ल्या सापडत नाहीत, तिला जहाज काय सापडणार.

तिचं म्हणणं खरं ठरू लागलं. बुडालेल्या जहाजाचं शिक्षण जंगलात सुरू होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी तळ्याकाठच्या झाडांमधून एक दोरी वेढे घेत नेली, माझ्या मास्कच्या काचेवर कागद चिकटवला, मला दोरीच्या मध्यावर उभं करून गोल फिरवलं आणि म्हणाल्या, बाहेर ये. जहाजात शिरलं की तळचा गाळ उठतो आणि स्वतःचा हातही दिसत नाही, तेव्हा दोरी हीच वाट. मी दोरी चाचपत निघाले. कुत्री फिरवायला आलेले लोक 'मोर्गन', सुप्रभात, म्हणत शेजारून जात होते. दोरी संपली तिथे मी विजयी मुद्रेने मास्क काढला, तर समोर बाई नव्हत्याच. त्या दुसऱ्या टोकाला, पार लांब उभ्या होत्या. दोरीवर बाहेरची दिशा दाखवणारे प्लास्टिकचे बाण असतात. ते माझ्या बोटांना लागले होते आणि मी त्यांना गाठी समजून पुढे गेले होते. म्हणजे मी जहाजाच्या पोटात जाऊन पोचले होते आणि वर खूश झाले होते.

पाण्यात तर आणखी गोंधळ. आतून कोरडा राहणारा तो हवा भरलेला ड्रायसूट, त्यातली हवा पायांकडे सरकली की पाय वर आणि डोकं खाली. जाड हातमोज्यांतून बटण कुठलं आणि झडप कुठली ते कळायचं नाही. पाणी एवढं गार की थोड्या वेळाने ओठ आपले राहायचे नाहीत. अशा पाण्यात श्वासाचं यंत्र गोठून अडकतं आणि हवा भसाभस वाहून जाते, म्हणून पाठीवर दोन टाक्या, दोन यंत्रं, आणि एक बंद करून दुसरं तोंडात घेण्याचा सराव. मी दर वेळी चालू असलेलंच बंद करायचे. नवरा पाण्याखाली माझ्यासमोर गुडघ्यांवर बसलेला असायचा आणि त्याच्या खांद्यांवरून कळायचं की तो हसतोय.

एकच गोष्ट माझ्या डोक्यात पटकन बसली. हवेचे तीन भाग करायचे. एक आत जायला, एक बाहेर यायला आणि एक राखून ठेवायचा. तो राखलेला भाग आपल्या अडचणीसाठी असेल असं मी धरून चालले होते. बाई म्हणाल्या, नाही, तो जोडीदारासाठी. पाहुण्यांसाठी चार पोळ्या जास्त लाटाव्यात, तसं मला ते लगेच समजलं.

समुद्रावर जाण्याआधीच्या शनिवारी तळ्यावर शेवटचा सराव होता. नवरा वर आला तो खोकतच. काठावर बसला तरी खोकला थांबेना. श्वास घेताना छातीत घरघर ऐकू येत होती. त्याने टिश्यूत थुंकून पाहिलं, आणि मीही पाहिलं. किंचित गुलाबी होतं. त्याने टिश्यू मुठीत दाबला.

"पाणी गेलं घशात," तो म्हणाला.

"गुलाबी पाणी?"

"थंडीने होतं गं कधीकधी. बाईंना बोलू नकोस. उगाच इश्यू करतील. मग हाउसआर्ट्स्ट, डॉक्टरची टर्मिन मिळेपर्यंत थांबा, सगळा सीझन गेला."

बाई लांब गाडीत सामान भरत होत्या. मी बोलले नाही.

घरी येऊन वाचत बसले. थंड पाणी, अंगावर घट्ट पोशाख, रक्तदाब, आणि मग फुप्फुसात शरीराचंच पाणी झिरपतं. एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं. टाकीत भरपूर हवा असताना माणूस आतून बुडतो. गेल्या महिन्यात जिना चढताना तो मध्येच थांबून मोबाइल बघायचा, ते मला आठवलं. मोबाइल बघत नव्हता तो. मी त्याला हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणाला, "सर्च केलं की कॅन्सरच निघतो प्रत्येकाला. जाऊन आलो की दाखवतो डॉक्टरला, प्रॉमिस. आता निघायच्या तोंडावर असलं बोलू नकोस ना." आणि मी गप्प बसले. ऑफिसात एक बटण दोन मिलिमीटर सरकलं तर रिलीज अडवून धरणारी मी, त्या एका वाक्याने गप्प बसले. दारातून निघताना सासूबाईंनी दोघांच्या हातावर दही ठेवलं. आम्ही 'येतो' म्हटलं आणि निघालो.

उत्तरेला पोचेपर्यंत मी गाडीत स्वतःशी भांडत होते. कधी वाटायचं मी बाऊ करतेय. कधी वाटायचं गाडी वळवायला सांगावी. तो छान गाणी गुणगुणत गाडी चालवत होता आणि त्याचा आवाज अगदी ठणठणीत होता, त्यामुळे मला काहीच कळेनासं झालं होतं.

सकाळी बोट निघाली. समुद्र राखाडी, वारा बोचरा. खाली एक जुनं लाकडी मालवाहू जहाज होतं. बाल्टिकचं पाणी कमी खारं, त्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, म्हणून अशी जहाजं टिकतात असं बाईंनी सांगितलं. मग सगळ्यांना डेकवर गोळा करून त्यांनी नेहमीचा प्रश्न सुरू केला. एकजण म्हणाला, झोप कमी झाली आहे. दुसरा म्हणाला, हातमोजे नवे आहेत, बोटं नीट वळत नाहीत. बाईंनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो माझा जोडीदार होता. तो म्हणाला, "आलेस गूट," म्हणजे सगळं ठीक.

मग बाईंचं बोट माझ्याकडे वळलं, आणि मला खरोखरच कळेना की आता कुठला नियम लागू आहे. बाईंचा नियम सांगत होता, जोडीदाराचं जे माहीत आहे ते बोल. घरचा नियम सांगत होता, चारचौघांत नवऱ्याचं उणं काढायचं नसतं, तेही परक्यांपुढे, तेही त्याने 'बोलू नकोस' म्हटल्यावर. आणि ती छाती त्याची होती, माझी नव्हती. मी बोलले आणि काहीच नसलं तर त्याचा सगळ्यात आवडता दिवस मी सगळ्यांदेखत हिरावून घेतला असता. मी बोलले नाही आणि काही असलं तर, यापुढचं मला मनातसुद्धा म्हणवेना. मला भीती वाटत होती, त्याचा राग आला होता, आणि त्याच्या खांद्यावरचा पट्टा पिळला होता तो सरळ करावासाही वाटत होता.

"मी आज जात नाही," मी म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. "गूट," म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या. एवढंच. कुणी वळून पाहिलंसुद्धा नाही. जोडीदाराशिवाय कुणाला सोडत नाहीत, म्हणजे तोही वरच राहणार होता. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

बाकीचे उतरल्यावर तो माझ्याकडे आला. चेहरा पडलेला होता. "का?" त्याने मराठीत विचारलं.

"इथे विचारायचं नसतं."

 तो माझ्या शेजारी बसला, माझ्या हातात गरम चहा दिला आणि हळू आवाजात म्हणाला, "भीती वाटली ना? वाटते पहिल्यांदा. मला पण वाटली होती. उद्या जाऊ, मी हात सोडणार नाही." मी त्याच्यासाठी भित्री ठरले होते आणि वर तोच माझी समजूत काढत होता. मला इतका संताप आला की चहा सांडला. माझ्या हुशारीने फक्त एक दिवस मिळवला होता हेही तेव्हाच लक्षात आलं. उद्या पुन्हा तीच बोट, तोच प्रश्न.

दुपारी बंदरावर माशाचा पाव खात असताना त्याने आईला फोन लावला. सासूबाईंनी विचारलं, "कसं झालं रे?" तो म्हणाला, "मस्त झालं आई. सगळं छान." इतकं सहज म्हणाला की क्षणभर मलाही वाटलं, मस्त झालं असेल. त्याला खोटं बोलतोय असं वाटतच नव्हतं. आपल्या माणसाला काळजी लावायची नाही, बस, एवढंच त्याला ठाऊक होतं. तळ्यावर तो माझ्याशीही हेच बोलला होता. मी पाव तसाच टाकला आणि एकटीच धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले. मागचे दोन उन्हाळे मी जिथे बसायचे तो बाक तिथे होता. त्यावर मी बसले नाही.

दुसऱ्या दिवशी डेकवर पुन्हा गोळा झालो. त्याने पुन्हा "आलेस गूट" म्हटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार हे बोलायला तोंड उघडेपर्यंत मला माहीत नव्हतं.

"माझ्या बाबतीत?" मी मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले. "मी दिशा चुकेन, ते नेहमीचंच. झडपांचा घोळ करेन. आणि खाली गेल्यावर मी माझी हवा बघणार नाही. मी सगळा वेळ याच्या छातीकडे बघत राहीन."

कुणी काही विचारलं नाही. बाईंनीही नाही. त्या फक्त थांबून राहिल्या. वाऱ्याने दोर डोलकाठीवर आपटत होते. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही, पण माझे डोळे भरून आले होते आणि त्याची मला लाज वाटत नव्हती. माझ्या मनात फक्त, आता हा मला कधीच माफ करणार नाही, एवढंच होतं.

मग तो बोलला. गेल्या शनिवारी खोकला आला होता, म्हणाला. श्वास लागला होता. थुंकीत गुलाबी होतं. जिना चढतानाही लागतो. बोलताना तो आपल्या हातमोज्यांकडे बघत होता.

"डांके," बाईंनी आभार मानले. "तू आज कॅप्टनजवळ बसायचं, ऑक्सिजन तिथेच आहे. काही वाटलं तर लगेच सांगायचं. सोमवारी हाउसआर्ट्स्ट." आधी का नाही सांगितलंस, असं त्यांनी विचारलं नाही. डॉक्टरांनी पुढे त्याला गोळ्या सुरू केल्या आणि थंड पाणी बंद केलं, पण त्या सकाळी यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. बाई मला म्हणाल्या, "तुला हवं तर तू माझ्याबरोबर चल."

मला त्याला सोडून जायचं नव्हतं आणि जायचंही होतं. मी तशीच उभी राहिले. त्यानेच पुढे येऊन माझ्या खांद्यावरचा पट्टा ओढून बघितला, झडपा एकेक करून तपासल्या. 

"जा," तो म्हणाला. मग थांबला. "म्हणजे, ये जाऊन."

खाली मला काय दिसलं ते धड सांगता येणार नाही. दोरीला धरून उतरताना पाणी हिरवं होतं, मग तपकिरी झालं, मग नुसता बॅटरीचा झोत उरला. एक मोठी काळी भिंत आली. तिच्यावर शिंपल्यांचा जाड थर होता. ती जहाजाची बाजू होती की तळ, पुढचं टोक की मागचं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका चौकोनी भोकातून एक मासा आमच्याकडे बघत होता, परक्यांनी दार वाजवल्यावर आतून बघतात तसा. बाईंनी मला आत नेलं नाही, पहिल्यांदा नेत नाहीत. कडेकडेनेच दोरी टाकत गेलो. सराव म्हणून ती डोळे मिटून चाचपायची होती, तेव्हा बोटाला बाण लागला आणि या वेळी मी त्याला गाठ समजले नाही. मी माझी हवा बघितली. पहिला भाग संपत आला होता. मी बाईंना खूण केली, आणि आम्ही वळलो. राखून ठेवलेला भाग तसाच पाठीवर होता, आणि ज्याच्यासाठी मी तो मनात धरला होता तो वर कोरडा बसला होता. मला एकदम इतकं हायसं वाटलं की मास्कमध्ये रडू आलं, आणि मास्कमध्ये रडलं की पुसता येत नाही हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

वर आले तर तो शिडीपाशी उभा होता. कॅप्टनजवळ बस म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं. त्याच्या हातात माझा टॉवेल होता आणि तो पिळून पिळून त्याची दोरी झाली होती. त्याने मला वर घेतलं, माझे हातमोजे ओढून काढले, माझी बोटं स्वतःच्या हातांत धरली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी घाबरून विचारलं, छातीत काही होतंय का. तो नाही म्हणाला, अजिबात नाही. मग म्हणाला, "काय दिसलं?"

"काही कळलं नाही," मी म्हणाले.

 तो माझी बोटं चोळत राहिला. बाई मागून चढून आल्या, घड्याळ बघून म्हणाल्या की ठरल्या वेळेत आलो, आणि टाक्या सोडवायला निघून गेल्या.

"दर वेळी एवढा वेळ लागतो?" त्याने विचारलं.

"तेवढाच लागतो," मी म्हणाले. "वर थांबलेल्याला जास्त वाटतो."